कुंपणाचे खांब

स्कॉटलंडच्या नकाशावर पर्थपासून पश्चिमेकडे बोट सरकवत नेलं की आधी क्रीफ लागतं, मग कॉम्री. कॉम्रीच्या उत्तरेला ग्लेन लेडनॉक नावाची दरी आत शिरते आणि तिच्या वरच्या अंगाला एक मोठा, गोलसर, फारसा आकार नसलेला डोंगर पसरलेला दिसतो. लिहिताना बेन चॉन्झी, बोलताना बेन-ई-होन, इथे पुढे नुसतं बेन होन. उंची ९३१ मीटर. नावाचा अर्थ शेवाळाचा डोंगर असा सांगतात, आणि माथ्यावरची पावलाखाली दबणारी मऊ जमीन पाहिली की तो पटतो.

तीन हजार फुटांपेक्षा उंच डोंगरांना तिकडे मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली त्यांची पहिली यादी छापली, तेव्हापासून हे नाव चिकटलं. आजच्या यादीत २८२ डोंगर आहेत. तीन हजार फूट म्हणजे ९१४.४ मीटर, तेव्हा बेन होन त्या रेषेच्या जेमतेम सतरा मीटर वर. यादी पुरी करणारे लोक एकदा येऊन खूण करून जातात. ज्यांना कडे, सुळके आणि फोटो हवे असतात ते ग्लेन कोकडे वळतात. ‘सगळ्यांत कंटाळवाणा मन्रो’ असाही शिक्का या डोंगरावर पुष्कळदा मारला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. आठवड्यातल्या मधल्या वारी गेलं तर दिवसभरात माणूस न भेटण्याची शक्यता चांगलीच, आणि एडिंबरा किंवा ग्लासगोहून गाडीने साधारण दीड तासावर अशी शांतता मिळणं ही लहान गोष्ट नाही.

पण या शांततेची एक बाजू आधी समजून घ्यायला हवी. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाची नजर आकारांवर तयार झालेली असते. ही सोंड, ती खिंड, इथून कातळकडा सुरू, तिथे बुरूज, वाटेवर टाकं. चुकलंच तर पायथ्याच्या वाडीत विचारायला कुणी मामा-मावशी असतात. बेन होनवर यातलं काही नाही. माथा म्हणजे रुंद, सपाटसर माळ. ढग उतरला की पंधरा-वीस मीटरपलीकडचं दिसत नाही, आणि जे दिसतं ते चारही बाजूंना सारखंच असतं. सुळक्याच्या डोंगरावर निदान चूक लगेच कळते, कारण समोर हवा येते. इथे माणूस चुकीच्या दिशेला अर्धा तास निवांत चालत राहतो. म्हणून डोंगर जितका सोपा आणि शांत, तितकी त्याची आखणी घरी, टेबलावर, नकाशा पसरून व्हायला हवी. वर विचारायला कुणी नसणार हे धरूनच ती करायची.

ऑर्डनन्स सर्व्हे म्हणजे ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था. तिचे नकाशे दोन प्रकारांत मिळतात. लँडरेंजर १:५०,००० चा आणि एक्सप्लोरर १:२५,००० चा. पहिल्यात नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर, दुसऱ्यात चार. अशा डोंगरासाठी मी एक्सप्लोररच घ्यावा म्हणेन, कारण त्यात कुंपणं आणि भिंती दाखवलेल्या असतात, आणि बेन होनवर कुंपण हीच मुख्य खूण आहे. चौकोनांची जाळी दोन्हींत एकेक किलोमीटरची. स्थान सांगताना आधी आडवा आकडा, मग उभा. माथ्याचा संदर्भ एनएन ७७३ ३०८ (एनएन हे जाळीतल्या मोठ्या चौकोनाचं नाव).

भारतात टोपोशीट वाचायची सवय असेल तर एका गोष्टीला जपायला हवं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या शीटवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, साधारण वीस-वीस मीटरवर असतात. ऑर्डनन्स सर्व्हेच्या डोंगराळ भागात त्या दहा-दहा मीटरवर. म्हणजे त्याच चढाला इथे दुप्पट रेषा दिसतात. पहिल्या नजरेला बेन होन भिंतीसारखा उभा वाटतो, तसा तो नाही. उलट पूर्वेला लॉख टरेटच्या बाजूला जिथे रेषा खरोखर एकमेकींना चिकटल्यात तिथे चढ नसून घसरडी उतरंड आणि कातळ आहे, तिकडे पाय टाकायचा नाही. (लॉख म्हणजे सरोवर. त्यातला ‘ख’ इंग्रजी जिभेला जड जातो, आपल्याला नाही.) समोच्च रेषांचा विषय निघालाच आहे तर, याच पर्थशरमधल्या शिहॅलियन डोंगरावर १७७४ साली खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन यांनी पृथ्वीची घनता काढण्यासाठी मोजमापं केली. त्या आकड्यांची गणितं गणिती चार्ल्स हटन यांच्याकडे गेली, आणि डोंगराचा आकार पकडण्यासाठी त्यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. आज नकाशावर जी रेघ आपण बोटाने चाचपतो तिच्या सुरुवातीच्या वापरांपैकी एक याच मुलखातला आहे.

आता वाट. ग्लेन लेडनॉकमध्ये इन्व्हरगेल्डीच्या अलीकडे कॉइशाव्हाखन नावाच्या घराजवळ गाड्या लावायला छोटी जागा आहे. उंची साधारण २२० मीटर. तिथून शेतघरांच्या बाजूने जीपची कच्ची वाट वर निघते, ओढ्याच्या सोबतीने माळावर चढते आणि डोंगराच्या रुंद धारेजवळ संपते. तिथून पायवाट धारेवर जाते आणि जुन्या कुंपणाचे खांब लागतात. डावीकडे वळून त्या खांबांच्या कडेने वायव्येला चालत राहायचं. पुढे कुंपण उजवीकडे, ईशान्येला वळतं आणि माथ्यावर नेऊन सोडतं. माथ्यावर वाऱ्याला आडोसा म्हणून रचलेली दगडांची वर्तुळाकार भिंत आहे. जाऊन-येऊन साधारण साडेबारा किलोमीटर, चढ सातशे मीटरच्या थोडा वर.

वेळेचा हिशेब करायला विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ सालचा नियम अजूनही सगळ्यात कामाचा. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर दहा मीटरला एक मिनिट जास्त. पण पूर्ण वाटेला एकदम लावून उपयोग नाही, तुकडे पाडायचे. गाडीपासून धारेपर्यंत साधारण सव्वाचार किलोमीटर आणि पावणेसहाशे मीटर चढ. म्हणजे एक्कावन्न अधिक अठ्ठावन्न मिनिटं, एक तास पन्नास धरा. धारेवरून माथ्यापर्यंत दोन किलोमीटर आणि एकशे तीस-चाळीस मीटर. चोवीस अधिक चौदा, म्हणजे अडतीस. वर पोचायला अडीच तास. उतरताना चढाची मिनिटं वगळली की सव्वा तास. एकूण पावणेचार तास, एकदाही न थांबता, कोरड्या वाटेवर, पायात दम असलेल्या माणसाला.

नेस्मिथमध्ये विश्रांती नाही, चहा नाही, दलदलीला घातलेला वळसा नाही, समोरून येणारा वारा नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने या आकड्यावर तीस-चाळीस टक्के चढवावेत, म्हणजे सव्वापाच तास होतात. प्रत्येक तुकड्याची वेळ कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती नकाशाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, नकाशाशेजारीच ठेवावी. तिचा खरा उपयोग ढगात होतो. धारेवरून निघून एक तास झाला आणि माथा आला नाही, तर चिठ्ठीच सांगते की काहीतरी चुकलंय. चिठ्ठी नसेल तर मन म्हणत राहतं, अजून थोडं पुढे असेल.

कुंपणाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण या डोंगरावर तोच आपला कठडा आहे. अंधाऱ्या जिन्यात कठड्याला हात लावून उतरतो तसं ढगात या खांबांना नजर लावून चालायचं. एका खांबापाशी उभं राहून पुढचा दिसतोय का पाहायचं. दिसत नसेल तर होकायंत्रावर दिशा लावून पावलं मोजत जायचं. उजवा पाय जितक्यांदा पडतो तितकंच मोजायचं. बहुतेकांची सपाटीवर शंभर मीटरला साधारण पासष्ट मोजणी होते, चढावर पंच्याहत्तर-ऐंशी. स्वतःची मोजणी घराजवळच्या मैदानात आधी काढून ठेवावी. थंडीच्या दिवसांत या खांबांवर बर्फाची पिसं चढतात. ढगातले अतिथंड थेंब वारा खांबावर आदळवतो आणि ते तिथल्या तिथे गोठतात, त्यामुळे पिसं वाऱ्याच्या तोंडाकडे वाढत जातात. बोटभर लांबीचं ते पांढरं पीस जिकडे टोक करून असतं तिकडून रात्रभर वारा आलेला असतो. माथ्यावर बसायला भिंतीची कुठली बाजू धरायची हे खांबाकडे बघूनच कळतं.

चूक बहुतेक वेळा परतताना होते. जाताना आपण वाटेवरून कुंपणापाशी आलेलो असतो, तेव्हा चुकण्यासारखं काही नसतं. येताना मात्र कुंपणाची कड सोडून वाटेकडे वळायचं असतं, आणि ती जागा ढगात सहज हातची निसटते. कुंपण तसंच पुढे जातं, माणूसही त्याच्याबरोबर जातो. म्हणून जाताना धारेवर पोचलं की दोन मिनिटं थांबावं. मागे वळून वाट परत येताना कशी दिसेल ते पाहावं. फोनवर त्या जागेची खूण साठवावी, नकाशावर पेन्सिलीने टिंब द्यावं, आणि कुंपणाच्या वळणापासून इथवर किती मिनिटं लागायला हवीत ते चिठ्ठीवर लिहावं. दुसरी चूक थेट माथ्यावर होते. वाऱ्याला पाठ करून बसलेला माणूस उठतो तेव्हा दिशेचं भान फिरलेलं असतं. जेवणाआधीच होकायंत्र परतीच्या दिशेला, म्हणजे नैऋत्येच्या अंगाला, नकाशावरून मोजून लावून ठेवावं. उठल्यावर मनाचं न ऐकता सुईचं ऐकावं.

होकायंत्राचं चुंबकीय उत्तर आणि नकाशाचं उत्तर यांतला फरक तिकडे सध्या अगदी थोडा आहे, दिवसाच्या चालीत तो सोडून दिला तरी चालतो. मोठी चूक वेगळ्याच कारणाने होते. होकायंत्र आणि फोन एकाच खिशात ठेवले तर फोनमधल्या चुंबकाने सुई बिघडते, कधी पार उलटी होऊन उत्तरेऐवजी दक्षिण दाखवू लागते. निघण्याआधी घरी एकदा तपासावं आणि दोन्ही वेगळ्या खिशांत ठेवावेत.

फोनवरचा नकाशा जरूर असावा, पण तो आदल्या रात्री उतरवून घेतलेला. दरीत रेंज धरून चालूच नये. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. भिजलेल्या बोटांना पडदा दाद देत नाही हेही लक्षात असू द्या.

हवामान पाहताना शहराचा अंदाज उपयोगाचा नाही. कॉम्रीत ऊन दाखवलं म्हणजे नऊशे मीटरवर ऊन असेलच असं नाही. डोंगरांसाठी वेगळा अंदाज माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस रोज देते, मेट ऑफिसचा, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याचाही असतो. त्यात ‘पाऊस आहे की नाही’ एवढंच पाहून लोक बंद करतात. खरं पाहायचं ते माथ्यावरच्या वाऱ्याचा वेग, मग ढगाची पातळी आणि माथे मोकळे राहण्याची शक्यता किती टक्के, मग गोठण्याची पातळी किती मीटरवर. पावसात चालता येतं. वाऱ्याचे झोत ताशी चाळीस मैलांच्या, म्हणजे साधारण पासष्ट किलोमीटरच्या पुढे गेले की सपाट माथ्यावरही तोल जातो आणि दमणूक दुप्पट होते. असा दिवस सरळ सोडावा आणि दरीतल्याच वाटांवर हिंडावं.

उंचीबरोबर तापमान हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. गाडीपाशी आठ अंश असेल तर माथ्यावर साडेतीनच्या आसपास. ऐकायला हे काही फार वाटत नाही. पण तीन अंशांत ताशी पन्नास किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला तो उणे चारसारखा लागतो, आणि बेन होनच्या माळावर झाडाचा आडोसा कुठेच नाही. आपल्याकडे डोंगरात माणूस थकतो तो उन्हाने आणि पाण्यावाचून. तिकडे तो ओल्या कपड्यांत वाऱ्यावर उभा राहून थकतो. आधी बोटं ऐकेनाशी होतात आणि झिप लावता येत नाही. मग माणूस गप्प होतो, अडखळतो, आणि विचारलं तर ‘मी ठीक आहे’ म्हणतो. सोबतचा माणूस गप्प झाला की थांबावं. त्याला कोरडं घालायला द्यावं, गोड खायला द्यावं आणि खाली वळावं.

म्हणून कपड्यांत सुती काही नको, जीन्स तर अजिबात नको. सुती कापड भिजलं की ओलच धरून ठेवतं. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर टोपीचं जलरोधक जाकीट. जलरोधक पँट बूट न काढता चढवता येईल अशी, म्हणजे बाजूला लांब झिप असलेली घ्यावी. वाऱ्यात एका पायावर उभं राहून बूट काढणं म्हणजे मोजा चिखलात हे ठरलेलं. लोकरी टोपी, हातमोज्यांचे दोन जोड (पहिला भिजतोच), एक जाड जाकीट पिशवीत कोरडं. पिशवीला बाहेरून कव्हर असलं तरी पाणी आत शिरतं, तेव्हा आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी लावून सगळं तिच्यात भरावं. हेडटॉर्च, शिट्टी, आणि आडवं होता येईल एवढी नारिंगी प्लॅस्टिकची बचाव-पिशवी. ही शेवटची वस्तू हलकी आणि स्वस्त असते. पाय मुरगळून तासभर बसून राहावं लागलं तर दुसऱ्या कुठल्याही सामानापेक्षा तीच उपयोगी पडते.

बुटांचं एवढंच, की घोटा झाकणारे असावेत आणि नवे नसावेत. जीपची वाट संपल्यावर जमीन ओली आहे. जिथे गवत फिकट हिरवं आणि शेवाळ चमकदार दिसतं तिथे पाय घोट्याच्या वर जातो. काळपट हेदरची झुडपं जिथे आहेत ती जमीन तुलनेने घट्ट. ओढा ओलांडताना दगडावर उडी मारण्यापेक्षा उथळ जागी पाण्यातून चालावं, आणि पाणी गुडघ्याला लागेल असं दिसलं तर परत फिरावं. मुसळधार पावसानंतर हे ओढे तासाभरात फुगतात, तसेच पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतातही.

दिवसाची लांबी हा आपल्या अंदाजाला सगळ्यात फसवणारा भाग. मुंबई-पुण्यात उन्हाळ्या-हिवाळ्याचा दिवस दोन-सव्वादोन तासांनी बदलतो. तिथे जूनच्या अखेरीस साडेसतरा तास उजेड असतो, सूर्य रात्री दहाला मावळतो. डिसेंबरच्या अखेरीस सात तासही पुरते मिळत नाहीत, पावणेनऊच्या सुमाराला उगवून साडेतीन-पावणेचारला मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि एका दिवसात संध्याकाळ एक तासाने अलीकडे येते. अपघात नको असतील तर परतीची वेळ आधी ठरवावी. ऑक्टोबरअखेर दहाला निघालात तर दीड वाजता जिथे असाल तिथून फिरायचं, माथा दोनशे मीटरवर दिसत असला तरी. ही वेळ सकाळी सगळ्यांनी मिळून ठरवलेली असली की वर वाद होत नाही.

कुठला महिना? माझं मत मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्याला. दिवस मोठा, हवा बऱ्यापैकी कोरडी, आणि मिज अजून सुरू झालेले नसतात. मिज म्हणजे चिलटांएवढे चावरे किडे. मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत, ढगाळ आणि वारा पडलेल्या संध्याकाळी ते थव्याने येतात. चालत राहिलं आणि थोडा वारा असला की त्यांना उडता येत नाही. थांबलं की ते येतात. जाळीची टोपी खिशात मावते, ती असू द्यावी.

ऑगस्टपासून दुसरा विचार करावा लागतो. बेन होनचा उतार ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा माळ आहे. ही शिकार १२ ऑगस्टला सुरू होते आणि १० डिसेंबरला संपते. लाल हरणांच्या नरांच्या शिकारीचाही भर ऑगस्ट ते २० ऑक्टोबर या काळात असतो. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही डोंगरावर चालायचा हक्क दिला आहे. परवानगी काढावी लागत नाही, तिकीट नाही. पण हक्काबरोबर दुसऱ्याच्या कामात अडथळा न आणण्याची जबाबदारीही त्याच कायद्यात आहे. या महिन्यांत वाटेच्या सुरुवातीला लावलेली पाटी वाचावी आणि तिच्यात सांगितलेल्या वाटेने जावं. रविवारी सहसा हरणांची शिकार होत नाही, तेव्हा त्या मोसमात रविवार बरा. एप्रिल-मेमध्ये खालच्या शेतांत मेंढ्या व्यायलेल्या असतात. कुत्रा बरोबर असेल तर दोरीला, आणि फाटक जसं मिळालं तसंच सोडायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

बर्फाच्या दिवसांत हा लेख पुरा पडणार नाही. आइस-ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी दाते) हाताळायला शिकल्याशिवाय जाऊ नये. हिमस्खलनाचा रोजचा अंदाज स्कॉटलंडच्या सहा डोंगरी भागांपुरता निघतो, आणि बेन होन त्यांतल्या एकातही येत नाही, म्हणजे तो भार पूर्णपणे स्वतःच्या अभ्यासावर. त्या दिवसांत या माळावर पांढरे डोंगरी ससे दिसतात हे मात्र सांगायला हवं, कारण बेन होन त्यांच्यासाठीच नावाजलेला आहे. उन्हाळ्यात करडे-तपकिरी असणारे हे ससे हिवाळ्यात पांढरे होतात. बर्फ लवकर वितळलं की तपकिरी हेदरमध्ये पांढरा ससा लांबूनही दिसतो, आणि त्याला वाटत असतं आपण लपलोय. २०२१ च्या मार्चपासून त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. परवान्याशिवाय मारता येत नाही.

पोचायचं कसं? पर्थहून क्रीफमार्गे कॉम्रीपर्यंत बस जाते. पुढे दरीत बस नाही, सात-आठ किलोमीटर टॅक्सीने किंवा चालत. चालत जायचं ठरवलं तर जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर वाढतात आणि वरचा सगळा हिशेब बदलतो. स्वतःची गाडी असेल तर दरीतला रस्ता एकपदरी आहे. मधून मधून रुंद केलेल्या जागा समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी असतात, तिथे गाडी लावून डोंगरावर जायचं नाही. दूध आणायला किंवा मेंढ्यांचं खाद्य न्यायला निघालेल्या शेतकऱ्याची अडचण होते. गाड्यांच्या छोट्या जागेत जागा नसेल तर गेट अडवण्यापेक्षा मागे फिरून दरीच्या तोंडाशी असलेला धबधबा पाहावा, त्यातही दिवस छान जातो. कॉम्री गाव हायलँडच्या मोठ्या भूभंगावर वसलंय. १८७४ साली भूकंप मोजायला बांधलेलं एक चिमुकलं दगडी घर तिथे अजून उभं आहे.

खाण्याचं आपल्याकडचंच बरं. एडिंबरा, ग्लासगो, डंडीत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या डब्यांत गुळाची पोळी आणि शेंगदाण्याचा लाडू घरून आलेला असतोच. दोन्ही टिकतात, पोटाला धरतात, आणि हातमोजा घातलेल्या हातानेही खाता येतात. चिक्की मात्र थंडीत दगड होते. वाऱ्यात बसून जेवण असं होत नाही, म्हणून दोन लाडू बाहेरच्या खिशात ठेवून दर पाऊण तासाला थोडं थोडं खात जावं. पाणी दीड लिटर, आणि थर्मासमध्ये गोड चहा. तो चहा माथ्यावर संपवू नये, शेवटचा कप गाडीपर्यंत राखून ठेवावा. मधेच कुणाला गारठलं तर कोरड्या कपड्यांबरोबर तोच उपयोगी पडेल. माळावर स्वच्छतागृह नाही. ओढ्यापासून निदान तीस मीटर लांब जावं, खड्डा करून पुरावं, आणि कागद पिशवीत घालून परत आणावा.

एक गोष्ट निघण्याच्या कितीतरी दिवस आधी करायची. फोनवरून ‘रजिस्टर’ हा एक इंग्रजी शब्द ९९९ ला मेसेज करायचा आणि येणाऱ्या उत्तराप्रमाणे नोंदणी पुरी करायची. बोलण्याएवढी रेंज नसताना मेसेज कधीकधी जातो, पण आधी नोंदणी नसेल तर ही सोय मिळत नाही. प्रसंग आलाच तर ९९९ वर पोलीस मागावेत आणि त्यांना माउंटन रेस्क्यू सांगावं. येणारी माणसं स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. आपण असलेल्या जागेचा नकाशावरचा सहा आकडी संदर्भ वाचता येणं हे त्यांना आपण करू शकतो ते सगळ्यात मोठं साहाय्य. शिट्टीची खूण मिनिटाला सहा फुंका, मग मिनिटभर थांबून परत. उत्तर तीन फुंकांचं येतं.

उतरल्यावर गाडीपाशी ओले कपडे बदलताना अंग तपासावं. गवतातून आणि हेदरमधून गोचीड पायावर चढतात. लहान असतात तेव्हा खसखशीच्या दाण्याएवढे दिसतात. तीळ समजून सोडून देऊ नये, बोटाने घासून पाहावं. गुडघ्यामागची वळी, जांघ, काख, कमरेचा पट्टा आणि केसांची कड या जागा त्यांच्या आवडीच्या. काढायला छोटा आकडा मिळतो, नसेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावं. पिळू नये, तेल लावू नये, काडी लावून भाजू नये. त्याने ते आतलं रक्त उलट सोडतात. पुढच्या काही आठवड्यांत चावलेल्या जागेभोवती लाल वर्तुळ पसरत गेलं तर डॉक्टरांना दाखवावं आणि गोचीड चावल्याचं सांगावं. गोचिडांमुळे होणारा लाइम रोग लवकर कळला तर औषधाने बरा होतो.

आणि मग बूट बाजूला ठेवून, शेवटचा चहा ओतण्याआधी, रेंज येईल तिथवर गाडी हळू खाली आणावी. सकाळी घरच्या एखाद्या माणसाकडे कागद दिलेला असतो. त्यावर डोंगराचं नाव, वाट, कोण कोण आहे, गाडीचा नंबर, आणि ‘सात वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर ९९९’ एवढं लिहिलेलं असतं. पावणेसहा वाजलेले असतात. त्या माणसाला ‘खाली आलो’ असा मेसेज करायचा, आणि तो पोचल्याची खूण दिसेपर्यंत रस्त्याकडेला थांबायचं.